नऊ पिवळ्या खुणा

गाडी सर्व्हिसिंगला टाकणं ही काही आयुष्यात नोंद घेण्यासारखी घटना नव्हे. सकाळी टाकायची, संध्याकाळी आणायची, आणि मधल्या वेळात मेकॅनिकने काय केलं हे त्याला आणि परमेश्वराला ठाऊक. आमच्या भिलाईच्या सेक्टर ६ मधली सगळी जनता याच श्रद्धेवर गाड्या चालवते. मीही चालवत होतो. पण एका रविवारी वरच्या क्वार्टरमधल्या कमलेशने मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला आणि माझी श्रद्धा जी गेली ती गेलीच.

व्हिडिओत कुठल्याशा गावचा एक मेकॅनिक जुना ऑइल फिल्टर फडक्याने पुसत होता, त्यावर फुंकर मारत होता आणि नवा म्हणून तोच परत बसवत होता. मागे दुःखी संगीत होतं. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. पाचव्यांदा पाहत होतो तेवढ्यात कमलेश स्वतःच खाली आला. कमलेश टाइम ऑफिसमध्ये आहे. त्याच्याकडे गाडी नाही, स्कूटर आहे, तीही बहुतेक वेळा ढकलत आणलेली. पण जी वस्तू आपल्याकडे नाही तिच्याबद्दल माणूस फार मोकळ्या मनाने सल्ला देतो. तो म्हणाला, "भाऊ, हे लोक काहीच बदलवत नाईत. पुसते अन् पैसे घेते. पन तुमी तं इन्स्पेक्शनचे मानूस, तुमाले कोन फसवन?"

हे त्याने अगदी वर्मावर बोट ठेवलं. मी शेषराव कापगते, पोलादाच्या प्लांटमध्ये तेहतीस वर्षं इन्स्पेक्शनला. क्रेनने लोखंड उचलतात ते जाड तारेच्या दोरांनी. त्याला आम्ही स्लिंग म्हणतो. ते स्लिंग, त्यांच्या साखळ्या, त्यांचे हुक तपासून पास करणं हे माझं काम. दर तीन महिन्यांनी तपासणी होते आणि पास झालेल्या मालावर रंगाचा पट्टा मारला जातो. या खेपेचा रंग पिवळा. पिवळा म्हणजे कापगत्यांनी पाहिलं, पास केलं, आता त्याला हात लावायचा नाही. पास झालेली वस्तू मला न विचारता कोणी काढली तर मी खपवून घेत नसे. पूर्वी एकदा एका ठेक्याच्या खलाशाने, म्हणजे क्रेनला माल अडकवणाऱ्या मजुराने, पास झालेली एक कडी स्वतःच्या मनाने काढून दुसरी लावली, तर मी त्याचा गेटपास पंधरा दिवस जमा करवला होता. त्याचं नाव आता आठवत नाही. शिस्त मात्र आठवते.

आता सगळे चारशे-पाचशे स्लिंग कोणी हातात घेऊन, तार न तार चाचपून बघत बसत नाही, हे जाणकारांना सांगायला नको. अनुभवी माणसाला दुरून कळतं. मी रजिस्टर भरायचो, रंगाचा डबा बेमध्ये, म्हणजे क्रेनच्या शेडमध्ये, पाठवायचो, आणि तिकडे पट्टे मारले जात. तेहतीस वर्षांत एकही तक्रार नाही. सांगायचा मुद्दा हा, की तपासणी म्हणजे काय हे मला शिकवायची भिलाईत कोणाची प्राज्ञा नव्हती.

गाडी टिकारामकडे द्यायची होती. पावर हाउस नावाच्या वस्तीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं गॅरेज आहे. माणूस साधा, छत्तीसगढी, कमी बोलणारा, मला वाकून नमस्कार करणारा. तीन वर्षं मी त्याच्याकडेच जात होतो. पण व्हिडिओ पाहिल्यावर त्याच्या नमस्काराचा अर्थच बदलला. माणूस इतका वाकतो कशाला? काहीतरी दडवायला असणार.

योजना मी प्लांटच्याच पद्धतीने आखली. जे जे बदललं जायला हवं त्या प्रत्येक वस्तूवर आधीच पिवळी खूण करायची. गाडी परत आली की बघायचं. खूण गेली असेल तर वस्तू बदलली, खूण तिथेच असेल तर चोर सापडला. इतकी सोपी गोष्ट आजवर कोणाच्या डोक्यात कशी आली नाही याचं मला नवल वाटलं. रंग प्लांटचाच होता. तो जेवणाच्या डब्याच्या तिसऱ्या खणातून घरी कसा आला हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

शनिवारी दुपारी मी बायकोची, म्हणजे कांताची, योगाची चटई गाडीखाली अंथरली आणि कामाला लागलो. एअर फिल्टर एक. ऑइल फिल्टर दोन. खालून जिथून जुनं ऑइल काढतात तो नट तीन. कूलंटचं झाकण चार. वायपरचं रबर पाच. आणि चारही चाकं, कोणतं कुठलं ते लिहून, कारण पुढची मागे आणि मागची पुढे करून द्यायची असतात. एकूण नऊ. प्रत्येक खूण बोटभर लांब, सरळ आणि ठसठशीत, प्लांटमध्ये मारतात तशीच. सवयीने बाजूला तारीखही टाकली आणि खाली माझी आद्याक्षरं. गाडीखालून निघालो तेव्हा माझ्या टकलावर दहावी खूण होती. ती पुढे आठवडाभर निघाली नाही. कांता म्हणाली, "अजी, तुमी पास झाले वाटते." बायकांना गांभीर्य नसतं.

सोमवारी सकाळी गाडी टिकारामच्या हवाली केली आणि मी ड्यूटीवर गेलो. अकरा वाजता त्याचा फोन आला. मी उचलणार तेवढ्यात कमलेशचे शब्द आठवले. त्याने बजावलं होतं की फोन अजिबात उचलायचा नाही, हे लोक फोनवर बहाणे सांगतात आणि आपल्या तोंडून हो म्हणवून घेतात. मी फोन वाजू दिला. तो बारा वाजता परत वाजला. दीड वाजता परत वाजला. मी टेबलावर फोन ठेवून त्याच्याकडे बघत बसलो, आणि मनातल्या मनात म्हटलं, वाजव बेट्या, कितीही वाजव.

संध्याकाळी गॅरेजला पोचलो. गाडी धुऊन लख्ख उभी होती. मी एक शब्द न बोलता बॉनेट उघडलं. एअर फिल्टरवर पिवळी खूण. कूलंटवर पिवळी खूण. वाकून खाली पाहिलं, नटावर पिवळी खूण. चाकांभोवती चक्कर मारली, चारही खुणा जिथल्या तिथे. नऊपैकी नऊ. हात बांधून बाजूला उभा असलेला टिकाराम काहीतरी सांगू लागला, डिक्कीचं काहीतरी. मी हात वर करून त्याला थांबवलं आणि सांगितलं की मी सगळं पाहिलेलं आहे. तो लगेच गप्प झाला. गुन्हेगार असाच गप्प होतो.

बिल त्याने हातात दिलं, ते मी न वाचता खिशात घातलं. त्याने रक्कम सांगितली ती मात्र ऐकून मी चमकलो, कारण ती फारच थोडी होती. तिथेच माझा संशय पक्का झाला. कमी पैसे घेणारा मेकॅनिक सरळ असूच शकत नाही.

त्या संध्याकाळी आमच्या ब्लॉकसमोर प्रदर्शनच भरलं. मी बॉनेट उघडून एकेक खूण दाखवत होतो आणि कमलेश टॉर्च मारत होता. लोक येऊन बघत, हळहळत आणि आपापल्या आयुष्यातले मेकॅनिक आठवत. एकाने सांगितलं की त्याच्या गाडीचं इंजिनच अर्धं काढून घेतलं होतं. अर्ध्या इंजिनावर गाडी घरी कशी आली हे त्याला कोणी विचारलं नाही. समोरच्या बेबीताई आमच्या मराठी मंडळाच्या सचिव. त्यांनी तिथल्या तिथे मंडळाच्या ग्रुपवर खुणांचे फोटो टाकले आणि खाली टिकारामचं नाव, गॅरेजचा पत्ता आणि लाल रंगाची सावधान अशी पाटी. फोटो कमी पडले म्हणून माझाही एक टाकला. त्यात टकलावरची खूण चांगली आली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण कमलेश म्हणाला की खुणा म्हणजे बाहेरचा पुरावा झाला, आतला पुरावा म्हणजे ऑइल. ऑइलचा नमुना प्लांटच्या लॅबमध्ये तपासून घ्यावा. लेखी रिपोर्ट आला की टिकाराम कायमचा संपला. संपला हा शब्द मला तेव्हा आवडला होता, हे इथे कबूल करून ठेवतो.

नमुना काढण्यासाठी मी पुन्हा चटईवर आडवा झालो. एक लहान बाटलीभर ऑइल हवं होतं. नट सैल केला, बाटली धरली, बाटली भरली आणि मग माझ्या लक्षात आलं की नट हातातून कुठेतरी पडलाय आणि ऑइल थांबायला तयार नाही. कांता परात घेऊन धावली. परात भरली. मग पुरणाचं पातेलं भरलं. तोवर अंगणात जे सांडायचं ते सांडून गेलं होतं आणि दोन क्वार्टरच्या मधल्या नालीतून काळा ओघळ कमलेशने खाली लावलेल्या तुळशीपर्यंत पोचला होता. तिसऱ्या दिवशी टाउनशिपच्या ऑफिसातून नोटीस आली, की क्वार्टरच्या आवारात वाहनदुरुस्तीचा धंदा चालवल्याबद्दल खुलासा द्यावा. तेहतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर पहिली नोटीस निघाली, आणि तीही धंद्याची.

गाडी आता ऑइलविना अंगणात उभी राहिली. पण बाटली सुरक्षित होती. ती मी लॅबमध्ये नेली. आत नेताना गेटवर कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. लॅबमधला माणूस ओळखीचा, तरी म्हणाला की नमुन्याबरोबर विभागाचं पत्र पाहिजे, नमुना कोणत्या मशीनचा ते लिहिलं पाहिजे. मी बराच विचार करून मशीनच्या जागी "वैयक्तिक" असं लिहिलं. त्याने ते पत्र ठेवून घेतलं, दोन बोटांमध्ये ऑइल चोळलं, नाकाशी नेलं आणि सांगितलं की जुनं आहे, इतकं जुनं की याला आता पेन्शन द्या. हे लेखी द्यायला मात्र तो तयार झाला नाही.

परत येताना गेटवरच्या जवानाने बाटली पकडली. प्लांटमधून ऑइल बाहेर नेत होतो म्हणून. मी सांगितलं की हे माझंच ऑइल आहे, सकाळी मीच आत नेलं होतं. त्याने विचारलं, आत नेल्याची नोंद कुठे आहे? नोंद नव्हती. आत काय येतं याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं, बाहेर काय जातं एवढंच त्याचं काम. मी पाऊण तास गेटजवळच्या बाकावर बसून राहिलो. सुटलेली शिफ्ट समोरून गेली. माझ्या हाताखालचे लोक सायकलवरून मान वळवून वळवून बघत गेले. ज्या गेटमधून पिवळ्या रंगाचा डबा निर्विघ्न बाहेर आला होता, त्याच गेटवर माझं स्वतःच्या घामाच्या पैशाचं ऑइल जप्त झालं.

मग दुर्गला जाऊन एका ग्राहक-तक्रारीच्या खिडकीवर उभा राहिलो. तिथल्या बाईंनी फॉर्म दिला आणि काय झालं ते लिहा म्हणाल्या. मी म्हटलं, काही झालंच नाही, हीच तर तक्रार आहे. त्यांनी फॉर्म परत घेतला. जे झालं नाही त्याला रकाना नव्हता. शिवाय त्यांना बिल हवं होतं, आणि बिल मी ज्या शर्टाच्या खिशात ठेवलं होतं तो शर्ट कांताने धुतला होता. खिशात कागदाचा एक पांढरा गोळा निघाला. मी तो दोन दिवस जपून ठेवला होता.

असं सगळं असूनही माझी कीर्ती वाढतच होती. कमलेशने स्कूटरला सतरा पिवळ्या खुणा करून घेतल्या. बेबीताईंनी मिक्सर दुरुस्तीला टाकताना खूण केली. आणि पुढच्या रविवारी मंडळाने जागरूक ग्राहक म्हणून माझा सत्कार ठरवला, शाल आणि नारळ देऊन. रिटायरमेंटला आठ महिने उरलेल्या माणसाला शाल मिळणं ही फार नाजूक बाब असते. मी भाषणाची तयारी सुरू केली. मुद्दे तीन होते. तपासणी, तपासणी आणि तपासणी.

शुक्रवारी कांता मसाल्यासाठी पावर हाउसला गेली होती. परत आल्यावर पिशवी खाली ठेवत म्हणाली, "टिकारामच्या गॅरेजात एक गाडी नाई. भर अकरा वाजता एकटाच टायरवर बसून होता. सेक्टरवालं कोनी जाऊनच नाई राहिलं त्याच्याकडं."

मी म्हटलं की करावे तसे भरावे.

"मले पाहून उभा राहिला. हात जोडले. म्हने, बाईसाहेब, साहेबाची गाडी बराबर चालून राहिली ना? मी सांगते, त्याच्या तोंडावर चोराची कळा नाई दिसली मले."

चोराच्या तोंडावर कळा दिसत असती तर इन्स्पेक्शन खात्याची गरजच काय होती, असं मी तिला समजावून सांगितलं. ती समजल्यासारखी दिसली नाही.

रविवारी दहा वाजता सत्कार. कार्यक्रमाला शंभर आलूबोंडे आमच्याकडून जायचे होते. गाडी चालू नव्हतीच, पण कांताला वाटलं की रिक्षा येईपर्यंत पातेलं उन्हात नको, डिक्कीत ठेवावं. मी आतून ओरडून सांगितलं की डिक्की दोन वर्षांपासून उघडत नाही, कुलूप गंजलंय, ताकद वाया घालवू नको. मग तिची हाक आली, आणि ती हाक अशी होती की मी भाषणाचा कागद टाकून बाहेर गेलो.

डिक्की उघडी होती. कांता म्हणाली, एका बोटाने उघडली. कुलपाला ग्रीस लावलेलं होतं, बिजागऱ्यांना तेल. आत मंडळाची निळी सतरंजी होती. ती दोन वर्षांपूर्वी मैत्रीबागेच्या सहलीतून हरवली होती. तिच्या चौकशी समितीचा अध्यक्ष मी होतो, आणि अशी सतरंजी मंडळाकडे कधी नव्हतीच असा निष्कर्ष मी स्वतः काढला होता. ती आता झटकून, नीट घडी करून ठेवलेली होती. तिच्यावर एक खोका. खोक्यात नवा एअर फिल्टर, नवा ऑइल फिल्टर, ऑइलचा न उघडलेला डबा, कूलंटची बाटली, वायपरचं रबर. आणि वर पेन्सिलीने हिंदीत लिहिलेली चिठ्ठी. "साहब ने सब चेक करके पास किया है, इसलिए नहीं बदला. पास माल को बिना पूछे हाथ नहीं लगाया. फोन किया था. साहब बोलेंगे तो तुरंत बदल देंगे. सामान का पैसा नहीं लिया."

कांताने ती दोनदा वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी माझ्या हातात ठेवून ती पातेल्याकडे वळली, आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मला तिने काहीतरी बोलावं असं वाटलं.

सत्काराला मी गेलो नाही. कमलेशला सांगितलं की पोटात दुखतंय. तो म्हणाला की मग शाल तो माझ्या वतीने स्वीकारेल. मी खोका काखोटीला मारला, ऑटो पकडली आणि पावर हाउसला गेलो. वाटभर मनात वाक्यं जुळवत होतो. गैरसमज झाला, असं म्हणता येईल. गैरसमज हा फार सोयीचा शब्द आहे, तो कोणाचा झाला हे सांगावं लागत नाही.

टिकाराम खरंच टायरवर बसला होता. मला पाहून उठला, वाकला. गॅरेजमध्ये एकही गाडी नव्हती, आणि सगळी अवजारं पुसून भिंतीला ओळीने टांगलेली होती, काम नसलेल्या माणसाच्या घरी दिसतात तशी. मी खोका बाकावर ठेवला आणि जरा चढ्याच आवाजात विचारलं की अरे, गाडीवर खूण दिसली तर विचारायचं नाही का? आवाज का चढला ते मलाही कळलं नाही. चूक आपली असली की तो आपोआप चढतो.

त्याने सांगितलं की तीनदा फोन केला होता. मग जरा थांबून म्हणाला, "साहब, पीला देखा तो हाथ रुक गया. एक बार पास माल को हाथ लगाया था, पंद्रह दिन घर बैठा था."

मी विचारलं, कुठे रे?

"बारह साल ठेके में खलासी था, साहब. आप ही ने गेटपास जमा कराया था. आपको याद नहीं होगा."

तीन वर्षं मी या माणसाकडे गाडी देत होतो. तो आधी काय करत होता हे मी कधी विचारलं नव्हतं. त्याला माझं नाव, माझ्या सहीचं वळण, माझ्या खुणेची लांबीसुद्धा माहीत होती. मला त्याचं आडनावही माहीत नव्हतं. मी विचारलं, राग नाही आला का रे तेव्हा? त्याला तो प्रश्नच विचित्र वाटला असावा.

तो म्हणाला, "गुस्सा काहे का? आपका निशान देख के ही तो लोड के नीचे जाते थे. ऊपर देखते थे, पट्टा है, साहब ने देखा है, तो चलो. बारह साल कुछ नहीं हुआ."

हे त्याने कौतुकाने सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर कुठे टोमणा आहे का ते मी शोधलं, कारण टोमणा असता तर मला फार बरं वाटलं असतं. तो नव्हता. मला मात्र बे डोळ्यांसमोर दिसली. वर क्रेन, क्रेनला दहा टनांचं लोखंड, त्याखाली हा माणूस मान वर करून पट्टा शोधणारा. आणि तिथून फर्लांगभर दूर, पंख्याखाली, चहाचा कप रजिस्टरावर ठेवून "तपासले, ठीक" असं ओळीने लिहीत जाणारा मी. अनुभवी माणसाला दुरून कळतं. मला लाज वाटली. दुसरा शब्द शोधत होतो, पण तो सापडला नाही.

मी जुळवून आणलेलं एकही वाक्य बोललो नाही. एवढंच म्हणालो की टिकाराम, माझी चूक झाली, सगळ्यांना सांगतो, आणि तू आता ते सगळं बदलून टाक.

तो लगेच निघाला. ऑटोत माझ्याशेजारी खोका मांडीवर घेऊन अंग चोरून बसला. क्वार्टरसमोर पोचलो तेव्हा सत्कार नुकताच आटोपला होता. मंडळाचे लोक आलूबोंडे हातात घेऊन आमच्या ब्लॉकपाशी आले होते आणि कमलेशच्या खांद्यावर माझी शाल होती. टिकारामला पाहून सगळे थांबले. बहुतेकांना वाटलं की मी चोराला मुद्देमालासह पकडून आणलाय. टिकारामने कोणाकडे पाहिलं नाही. तो गाडीपाशी गेला, बॉनेट उघडलं आणि तसाच उभा राहिला. मग आपल्या अवजारांच्या पिशवीतून थिनरची बाटली आणि फडकं काढून माझ्या हातात दिलं.

"पहले आप निशान मिटा दो, साहब. आपका निशान रहेगा तो मेरा हाथ नहीं चलेगा."

तेव्हा भर अंगणात, मंडळाच्या साक्षीने, मी कांताच्या चटईवर आडवा झालो आणि एकेक खूण पुसायला लागलो. गाडीखालून मला फक्त चपला दिसत होत्या, आणि त्यातली एकही हलत नव्हती. बेबीताईंच्या चपला म्हणाल्या की हे काय चाललंय? मी खालूनच सांगितलं. टिकारामने काम केलं नाही हे खरं आहे, कारण त्या वस्तू मी न बघता पास केल्या होत्या आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. हे तसंच्या तसं ग्रुपवर टाका, त्याच्या नावासकट, आणि सतरंजी सापडली आहे हेही टाका. मग कमलेशच्या चपला जवळ आल्या. त्याने विचारलं, "भाऊ, मंग आता हे शाल कोनाची?"

शाल त्याच्याकडेच राहिली. ग्रुपवर बेबीताईंचं पत्रक आलं, त्याखाली एकोणीस अंगठे उमटले, आणि त्यातल्या एकानेही आधी सावधानच्या पाटीला दिलेले अंगठे काढले नाहीत. पण मंगळवारी कमलेशने स्कूटर टिकारामकडे टाकली. टिकारामने आधी सतरा खुणा पुसायला लावल्या, असं कळलं. मग एकेक गाडी जायला लागली.

थिनरची अर्धी बाटली उरली होती. टिकाराम परत मागायला संकोचला आणि मी परत दिली नाही. सत्काराच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळच्या शिफ्टला, ती पिशवीत घालून मी प्लांटला गेलो आणि ऑफिसात न थांबता सरळ बेमध्ये शिरलो. सगळे स्लिंग खाली उतरवा म्हटल्यावर तिथला फोरमन माझ्या तब्येतीची चौकशी करू लागला. उतरवले. मी खाली बसलो, चष्मा पुसला आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदा एकेक तार बोटांनी चाचपत गेलो. दुपारपर्यंत अडतीस पाहून झाले. त्यातल्या अकरांवरचा पिवळा पट्टा मी पुसला.

थिनरची बाटली आत नेताना गेटवर कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगायचं, हे मी घरापासून गेटपर्यंत ठरवत होतो.